पेटीत किती सोनं ठेवायचं, प्रसाद?

प्रसाद,

काल रविवार होता आणि आम्ही खेळलो. रामवाडीला, तुझ्याच हॉलमध्ये, तू गेल्यानंतर पहिल्यांदा. खेळ इतका रंगला की सुहास दोनदा खुर्ची मागे ढकलून उभा राहिला, रूपालीचा घसा बसला, आणि तुझ्या शेजारच्या काकू गॅलरीतून डोकावून "सगळं ठीक आहे ना गो?" असं विचारून गेल्या. हे तुला कुणीतरी सांगायलाच हवं. मीच सांगणार, कारण आपलं जुनं भांडण त्यातून पुन्हा वर आलंय.

बाकीचं पेपरातल्या निधनाच्या चौकटीत येऊन गेलं. तुझा फोटो, गाव, कंपनी, आणि खाली 'मनमिळाऊ'. ते वाचून मला हसूच आलं. दर रविवारी माझ्याशी कडाकडा भांडणारा माणूस, आणि म्हणे मनमिळाऊ!

तू रोह्याला माझ्या मेडिकलमध्ये आलास ती दुपार आठवते? डोलवीला तुझी सकाळची शिफ्ट संपली होती. हेल्मेट काखेत, डोळे लाल, आणि चेहरा असा की काहीतरी चोरून आणलंय. तू काउंटरवर एक पिशवी उलटी केलीस. रंगीत फासे घरंगळले. वीस बाजूंचा, बारा बाजूंचा, आठ बाजूंचा. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आलेल्या एका आजोबांनी त्यातला एक उचलून डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, "ही नवीन गोळी निघाली काय?"

"खेळ हाय, बाबा," तू म्हणालास. मग माझ्याकडे वळलास. "बघ गो मेघा. यात पट नाय, सोंगट्या नाय. मी गोष्ट सांगायची आणि तुम्ही त्यातली माणसं व्हायचं. समज, तू अंधाऱ्या गुहेच्या तोंडाशी उभी हायस. काय करतेस? तू सांगशील ते करायचं. जमलं की फसलं, ते फासा सांगणार."

"आणि जिंकतं कोण?"

"कोण जिंकत नाय. पण खजिना मिळतो."

"किती?"

तू हसलास. मी तेव्हा सहज विचारलं होतं. पुढची चार वर्षं आपण त्या एकाच प्रश्नावर भांडणार आहोत हे तुलाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मी तुझी आतेबहीण, म्हणून मला सुटका नव्हतीच. सुहास पेणच्या शाळेत खेळाचा मास्तर. त्याला मैदान सोडून बसायचा खेळ आवडणार नाही असं वाटलं होतं, तर तो सगळ्यात आधी पागल झाला. रूपालीला तू जोह्याहून आणलंस. दिवसभर कारखान्यात गणपती रंगवणारी शांत, चष्मेवाली मुलगी. तिने स्वतःसाठी निवडली गंगी, सहा फूट उंच, हातात कुऱ्हाड, कुणाच्या बापाला न भिणारी लढवय्यी. सुहास झाला कालू मांत्रिक. मी मैना, कुठलंही कुलूप उघडणारी चोर. दिवसभर लोकांना मोजून गोळ्या देणाऱ्या बाईला तू चोर व्हायची मुभा दिलीस. ती पहिली देणगी, त्याबद्दल आधी आभार मानून घेते. पुढे शिव्याच आहेत.

जग तू खाडीकाठचंच रचलंस. वाघेबंदर नावाचं गाव, पाण्याखाली गेलेला राजवाडा, भरतीबरोबर वर येणारी भुतं. सुरुवातीला आम्ही किती गरीब होतो! तिघांत मिळून एक दोरी आणि एक कंदील. एकदा एका मेलेल्या समुद्री चाच्याच्या बोटात चांदीची अंगठी निघाली, तर रूपालीने अशी किंकाळी मारली की वैशाली लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. तुझी बायको कधी आमच्यात बसायची नाही. तिचं म्हणणं, चार मोठी माणसं खोट्या सोन्यासाठी ओरडतात हे बघण्यापेक्षा पापड भाजलेले बरे. भाजलेले पापड मात्र आमच्यासमोर यायचे.

आणि मग तो बुडालेल्या राजवाड्याचा रविवार. तुझा नियम होता, पेटी जो उघडेल खजिना त्याचा, आणि खजिन्याचा फासा टेबलाच्या मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडणार. वीस आला तर खजिना दुप्पट आणि पुन्हा फेक. पेटी कालूने उघडली. तू फेकलास. वीस. पुन्हा फेकलास. वीस! सुहास ओरडायला लागला. तिसऱ्यांदा फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, तिथे स्वतःभोवती गरगर फिरला आणि थांबला. वीस. तू दोन्ही हात डोक्यावर मारून घेतलेस. मालक तू, देणारा तू, आणि सगळ्यात जास्त नाचलास तूच.

"गाड्या भरून सोनं!" तू म्हणत होतास. "गाड्या भरून, रे!"

"कुणाला लॉटरी लागली?" वैशालीने आतून विचारलं.

"कालूला!" आम्ही सगळे एका आवाजात.

पुढच्याच रविवारी खेळ मेला.

तुला ते मान्य करायला वेळ लागला, पण मला पहिल्या तासातच दिसलं. कालूने वाडा घेतला, घोडे घेतले, भाड्याचे सैनिक ठेवले. राक्षस समोर आला की सुहास खुर्चीत रेलून म्हणायचा, "पाठवा सैनिक." दार बंद असलं की, "पाठवा सैनिक." माझ्या मैनेला कुलूप उघडायचं कारणच उरलं नाही, कालू अख्खी भिंत पाडून घ्यायचा. रूपाली मोबाईल बघायला लागली. तू गोष्ट सांगत होतास, आवाज बदलत होतास, घामाघूम होत होतास, आणि आमच्यातलं कुणीही कशालाही घाबरत नव्हतं.

तू मला स्टँडवर सोडायला आलास तेव्हा मी सांगितलं, "ओव्हरडोस झालाय, प्रसाद. खजिना म्हणजे औषध आहे. कमी पडलं तर माणूस मरतो, जास्त झालं तर लोळत पडतो. आता उतारा दे. दरोडा घाल. राजाकडून कर लाव. काढून घे सगळं."

"नाय."

"अरे, खेळ संपेल."

"संपला तरी चालंल. दिलेलं परत घ्यायचं नाय, मेघा. एकदा हातातलं काढून घेतलं ना, का माणूस पुढची पेटी उघडतच नाय. मग तो फक्त सांभाळत बसतो."

मी बसमध्ये चढताना तुला हट्टी म्हणाले. खिडकीतून बघितलं तर तू तिथेच उभा होतास, ओठ हलत होते. पुढच्या रविवारची गोष्ट स्वतःलाच सांगत होतास.

तो रविवार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तू बसलास, पाणी प्यायलास आणि अगदी हळू आवाजात म्हणालास, "वाघेबंदरचा बांध फुटलाय. भरतीचं पाणी भातात शिरतंय. काय करता?"

सुहास आणि रूपालीला ते गोष्टीतलं संकट वाटलं. मला मात्र आजोबांचं शेत दिसलं. आठवतं, आपण दोघं लहान होतो, खाडीचं पाणी बांध फोडून आत आलं होतं आणि आजोबा गुडघाभर पाण्यात उभे राहून नुसते शेताकडे बघत होते? त्यानंतर कितीतरी वर्षं त्या जमिनीत धड काही उगवलं नाही. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. तू मुद्दामच बघितलं नाहीस.

"पाठवा सैनिक," सुहास म्हणाला.

"पाठव. पण मातीला बोटी लागतील."

"घेतल्या."

"दगड?"

"घेतला!"

"बांबू, पेंढा, आणि गावातल्या सगळ्यांचं जेवण. बांधावरून कुणी हलणार नाय, म्हणजे चूल कोण पेटवणार?"

सुहास सरळ बसला. दर भरतीला एक फासा. जितकं सोनं ओताल तितका तो सोपा. पहिली भरती आम्ही हरलो, अर्धं पीक वाहून गेलं. रूपाली उभी राहिली आणि म्हणाली, "गंगी पाण्यात उतरते. दाराला पाठ लावते." पाणी आत-बाहेर करायचं लाकडी दार, त्याला पाठ लावून ती गळाभर पाण्यात उभी, आणि इकडे खरीखुरी रूपाली तुमच्या शोकेसला पाठ लावून उभी! मी सावकाराची दगडांनी भरलेली होडी चोरली. इतक्या दिवसांनी मैनेला काम मिळालं होतं. सुहासने वाडा विकला, घोडे विकले. शेवटच्या भरतीआधी त्याने जादूची काठी टेबलावर ठेवली. काठी म्हणजे खरं तर वैशालीची फुटपट्टी, पण त्याने ती दोन्ही हातांनी, जपून ठेवली. "ही पण घे," तो म्हणाला. "ही पण बांधात घाल."

फासा पडला. बांध टिकला.

आपण काय ओरडलो, प्रसाद! सुहासने मला उचललंच जवळजवळ. आमच्यापैकी कुणाकडे एक मोहर उरली नव्हती आणि तिघंही वेड्यासारखे हसत होतो.

"परत घेतलंस की शेवटी," मी तुला म्हणाले.

"मी कुठं घेतलं? तुम्ही दिलंत."

तुझा तो चेहरा! इतका खूश की तुला चापट मारावीशी वाटली.

त्यानंतर तू माझं थोडं ऐकायला लागलास, हेही लिहून ठेवते, नाहीतर उद्या हे पत्र कुणी वाचलं तर वाटेल सगळी अक्कल तुझीच. पात्राची ताकद एवढी, तर खजिना एवढा, त्याच्या वर नाही, हा तक्ता माझा. तू मला 'केमिस्टबाई' म्हणून चिडवायचास आणि गुपचूप त्याच तक्त्याने चालायचास. अर्धा खजिना विकता येणार नाही अशा गोष्टींत द्यायचा, हे तुझं. खाडी ओलांडायची होडी कायमची फुकट. एका म्हातारीच्या घरी कधीही जेवण. आणि जादूच्या औषधांना मुदत लावायची, हे पुन्हा माझं! लोक चांगलं औषध शेवटच्या लढाईसाठी राखून ठेवतात आणि मग ते कधीच पीत नाहीत, हे मी दुकानात रोज बघते. म्हटलं, बाटलीवर तारीख टाक. पावसाळ्यापूर्वी प्यायलं नाही तर नुसतं पाणी. तू इतका हसलास की चहा नाकात गेला. आणि मग सगळे धडाधड औषधं प्यायला लागले, उडायला लागले, अदृश्य व्हायला लागले. काय दिवस होते ते!

मग रोह्यात पाणी आलं.

नदी याआधीही चढली होती, पण दुकानात छातीभर पाणी मी पहिल्यांदाच बघितलं. ओसरल्यावर शटर वर केलं तर आत गाळ, आणि गाळात चिकटलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. फ्रीज आडवा. मी पायरीवर बसून राहिले. तू रात्रपाळी करून थेट आलास, कंपनीतल्या दोघांना घेऊन. फावडी, पाइप, बादल्या. गाळ काढलास, लादी धुतलीस. मी तुला थांब म्हटलं नाही, आभारही मानले नाहीत. आपल्यात तेवढं चालायचं.

त्या रविवारी मी येणारच नव्हते. रूपालीचा फोन आला, "ये गो. घरात बसून गाळच बघशील." म्हणून आले.

आणि तू काय केलंस? मैनेचा पाय घसरला, ती एका कोरड्या विहिरीत पडली, एकटीच. विहिरीत एक भुयार. भुयारात एक पेटी. तू फासा उचललास, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो, तुझ्या नोंदी झाकणाऱ्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यामागे टाकलास. मग वर बघून म्हणालास की पेटीत राजवाड्याइतकं सोनं आहे. सगळं मैनेचं.

टेबलावर कुणी ओरडलं नाही. सुहास नखं बघत होता.

"फासा कुठे पडला?" मी विचारलं.

"इथं. पुठ्ठ्यामागं."

"का?"

"समोर चहा होता."

मी पर्स उचलली आणि निघाले. तू दुसऱ्या दिवशी दुकानात आलास. मी ओल्या फळ्या पुसत होते.

"का गो गेलीस?"

"तू फावडं घेऊन आलास, ती मदत मी घेतली. तिथे मी तुझी बहीण होते. खेळात मी कुणाची बहीण नाही, प्रसाद. मैना चोर आहे. तिला मिळेल ते तिने मिळवलेलं पाहिजे. तिच्यावर दया कशाला?"

"दया नाय."

"मग काय?"

"फाशानंच दिलं. शप्पथ."

"कुणाची शप्पथ?"

तू आजूबाजूला बघितलंस. "या तुझ्या फ्रीजची."

फ्रीज मेलेला होता. मला हसू आलं, राग तसाच होता, आणि हातात ओलं फडकं होतं ते मी तुला फेकून मारलं. तू ते झेललंस आणि दुसऱ्या टोकाकडून फळ्या पुसायला लागलास.

पुढच्या रविवारी तू पेटी तशीच ठेवलीस. एक मोहर कमी केली नाहीस. "मैना सोडून गेली, पेटी भुयारातच हाय. काय करतेस?" मला ती संपवायचीच होती. म्हटलं, सगळं सोनं घालून बंदरावर दवाखाना बांधते. एका वाक्यात विषय संपवायचा म्हणून बोलले. तर तू विचारलंस, "कुठं? भरती किती चढते तिथं?" रूपालीने विचारलं, वैद्य कोण? सुहास म्हणाला, औषधाच्या मुळ्या भुतांच्या बेटावर मिळतात, कालू आणतो. आणि ती आपल्या गोष्टीतली सगळ्यात लांब, सगळ्यात धमाल मोहीम झाली. बेट, वादळ, गंगीने एका भुताशी केलेली मैत्री. मी रोज रात्रीच्या जेवणानंतर तुला फोन करून विचारायचे, दाराची उंची किती ठेवू?

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मैनेने भरतीच्या भीतीने खालच्या फळ्यांवर फक्त रिकाम्या बरण्या ठेवल्या आणि औषधं छातीच्या वर. जड सामान जोत्यावर. वजनकाटा खिडकीत. मी माझं दुकान पुन्हा लावलं ते तसंच लावलं. आधी वाघेबंदरला लावून बघितलं आणि मग रोह्याला. दोन वेळा माझ्या मनात आलं की तुला दुकानात बोलावून दाखवावं. मग वाटलं, दाखवलं तर तू जिंकशील. तू नंतर कितीदा तरी आलास, काउंटरला टेकून चहा प्यायलास, आणि त्या फळ्यांकडे बघून कधी काही बोलला नाहीस. तुला कळलं होतं का रे?

तू फसवलंस असं मी अजून म्हणते. वीसावर वीस, त्यावर वीस, तेही पुठ्ठ्यामागे? पण समजा, खरंच पडले असतील तर? मी तुला किती छळलं त्यावरून! प्रत्येक वेळी तू छातीवर हात ठेवून तीच शप्पथ घ्यायचास, फ्रीजची, आणि डोळे असे करायचास की काहीही कळू नये. ते आता कुणालाच कळणार नाही. कधीकधी मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. तू गेलास याच्याहूनही जास्त. निदान तो राग तुझ्यावर काढता येतो.

तुझ्या जाण्याबद्दल मला लिहिता येत नाही. शिफ्टवरून आलास, झोपलास. तेवढंच. तेराव्याला रूपाली आली होती, नखांत अजून रंग होता. सुहास नुसत्या खुर्च्या उचलून इकडच्या तिकडे ठेवत होता. निघताना वैशाली म्हणाली, "रविवारी येणार ना?"

"वैशाली, आता कसं..."

"या," ती म्हणाली. "पापड आहेत."

म्हणून काल गेलो. तुझ्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. शेवटी सुहास म्हणाला, "तक्ता हिचा, हीच बसेल." मी बसले. तुझी खुर्ची उजवीकडे कलते, हे तू कधी सांगितलं नाहीस. मी "वाघेबंदर" म्हणाले आणि नुसता कॅलेंडरचा पुठ्ठा सरळ करत राहिले.

तेवढ्यात वैशालीने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं, टेबलाशी ठेवलं आणि बसली. "मी पण," ती म्हणाली.

मग सुहासमधला मास्तर जागा झाला. "नवीन पात्र म्हणजे पहिली पायरी. एक चाकू, एक दोरी. नियम आहे."

"आणि पहिलंच भूत तिला खाईल," रूपाली म्हणाली. "आमच्याइतकंच द्यायचं तिला."

"आम्ही चार वर्षं मरमर केली, त्याचं काय?"

"ती चार वर्षं पापड भाजत होती, त्याचं काय?"

"निम्मं," मी म्हणाले. "तक्त्याप्रमाणे निम्मं."

"तुझा तक्ता ठेव बाजूला!"

आणि आम्ही सुटलो. तिघंही एका वेळी बोलत होतो, मी टेबलावर हात आपटत होते, रूपाली माझ्या तोंडासमोर बोट नाचवत होती. माझं लक्ष गेलं तर वैशालीचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. आम्ही एकदम थांबलो.

"थांबू नका," ती म्हणाली. "भांडा. घरात कसलाच आवाज नव्हता इतके दिवस." तिने पदराने डोळे पुसले. "पण मला सोनं नको. मला एक सांगा. वाघेबंदरला मीठ कुठून येतं?"

मी तक्त्यावरून बोट फिरवायला लागले.

"मासे तर खारवता तुम्ही. कालूचे सैनिक महिनाभर होडीत खारवलेलंच खात होते. मी ऐकलंय सगळं आतून. मग मीठ कुणाचं?"

प्रसाद, तू तलवारीला भाव लावलास, घोड्याला लावलास, होडीला, मेणबत्तीला, भुताच्या केसाला लावलास. मी तक्ता केला तेव्हा शंभरदा तपासला. मीठ कुठेच नाही! वैशालीच्या माहेरी मिठागर आहे, लहानपणी तिने वाफ्यांतून मीठ ओढलंय, हे आपल्याला ठाऊक होतं की. आपल्या डोक्यातच आलं नाही.

"म्हणजे कुणाचंच नाही," ती म्हणाली. "मग ते मिठागर माझं. माझं नाव चंद्राबाय."

सुहास त्याच वेळी पहिल्यांदा उठून उभा राहिला. "अख्ख्या बंदराचं मीठ? हे चालणार नाही! हिच्याएवढं श्रीमंत कुणीच राहणार नाही!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मला काय वाटलं सांगू? मला तिला सगळंच देऊन टाकावंसं वाटलं. मिठागर, राजवाडा, खाडी, सगळं. माझा हात पुठ्ठ्याकडे गेला सुद्धा. तुझ्या खुर्चीतून समोरचे चेहरे फार जवळ दिसतात रे, हे मला माझ्या बाजूने कधी कळलं नव्हतं.

मी पुठ्ठा आडवा पाडला आणि फासा वैशालीच्या हातात दिला. "पंधराच्या वर आला तर मिठागर तुझं. कमी आला तर चाकू आणि दोरी."

तिने फासा दोन्ही हातांत धरून हलवला. डोळे मिटले नाहीत. सतरा!

मग काय सांगू तुला. राजवाड्याची भुतं अडवायला कालूला मिठाचं रिंगण आखायचं होतं, हे मी जागच्या जागी रचलं. तिला सोनं दिलं नाही, पहिलं गिऱ्हाईक दिलं. तिने शांतपणे भाव सांगितला. सुहास दुसऱ्यांदा उभा राहिला. "हा दरोडा आहे!"

"नको तर जा," चंद्राबाय म्हणाली. "भुतं काय थांबायची नाय."

वैशालीच्या तोंडून 'नाय' मी पहिल्यांदाच ऐकलं. माहेरची बोली एकदम बाहेर आली. गंगी तिच्या बाजूने, कालू विरुद्ध, आणि मी मध्ये बसून भरतीचे फासे टाकतेय. कालूने शेवटी आपली नवीन मिळवलेली जादूची काठी देऊन मीठ घेतलं. भुतं रिंगणापाशी येऊन थांबली. आमचा तो दंगा ऐकूनच काकू गॅलरीत आल्या होत्या.

एका दुपारीत तुझं गणित मोडलं आणि माझा तक्ताही. असंच चाललं तर महिन्याभरात चंद्राबाय बंदर विकत घेईल. तू असतास तर म्हणाला असतास, घेऊ दे, मग बघू. मी म्हणते, आत्ताच काहीतरी करायला हवं. म्हणजे भांडण चालूच आहे, फक्त आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागते. काल मी ती बरी मांडली, असं मला वाटतं.

निघताना वैशाली फाटकापर्यंत आली. चेहरा लाल, केस सुटलेले. मला वाटलं ती रडेल, म्हणून मी तिचा हात धरला.

"मेघाताई," ती म्हणाली, "मीठ गोळा करायच्या आधी अवकाळी पाऊस आला ना, की सगळं विरघळून जातं. एका दुपारीत. बाबा नुसते बघत बसायचे. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफे बांधायला लागायचे."

"हं."

"ते पण घाल गोष्टीत. मला सगळं तसंच मिळत गेलं तर काय मजा?"

मी हो म्हणाले. हात सोडवेना, पण बस चुकली असती.

स्टँडवर रोह्याची गाडी लागायची होती. मी बाकावर बसून पाऊस ठरवायला लागले. किती वाजता, किती जोराचा, किती वाफे वाहून जातील, किती राहतील. बोटं मोजत मी मोठ्यानेच बोलत होते बहुतेक, कारण शेजारी बसलेल्या बाईंनी आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आपली पिशवी उचलून शेडखाली सरकल्या.